डबा घेण्याआधी ताट मोज

प्रिय मित्रा,

स्नायू वाढवायला घ्यायच्या सप्लिमेंटची, म्हणजे जेवणाला पूरक म्हणून डब्यात मिळणाऱ्या पावडरींची, तुझी यादी वाचली. व्हे (दुधातली प्रथिनं), मास गेनर (वजन वाढवायची पावडर), बीसीएए आणि ग्लुटामीन (अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक), क्रिएटिन (स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारा पदार्थ), प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायचं मिश्रण). यातलं आधी काय घ्यावं, असं तू विचारलं आहेस. सध्या काहीच नको. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा घे आणि सात दिवस पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये लिहून काढ. सुट्टीचे दिवसही गाळू नकोस, बहुतेकांचं खाणं त्याच दिवशी विस्कटतं. सप्लिमेंट उणीव भरण्यासाठी असतं. ती किती आहे हेच ठाऊक नसेल, तर काय घ्यायचं आणि किती, हे ठरणार कशावरून?

आता लक्ष्य ठरवू. 2018 साली 49 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांना रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा होतो, त्यापुढे तो जवळजवळ थांबतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातलाच आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसता व्यायाम करणारे आणि व्यायामाबरोबर जादा प्रथिनं घेणारे यांच्यात चरबीविरहित वजनाचा सरासरी फरक फक्त 300 ग्रॅमच्या आसपास निघाला. बाकीची सगळी वाढ व्यायामाची होती.

तुझं वजन 60 किलो धरलं तर रोज 96 ग्रॅम प्रथिनं लागतील. सकाळी तीन अंडी आणि 250 मिली दूध घेतलंस की 26 ग्रॅम होतात. दुपारी 120 ग्रॅम शिजलेल्या चिकनचे 36. संध्याकाळी 200 ग्रॅम दही आणि 30 ग्रॅम शेंगदाण्यांचे 14. रात्री 200 ग्रॅम शिजलेली कडधान्यं आणि सोबतचं धान्य मिळून 22. झाले 98, आणि एकही डबा उघडावा लागला नाही. एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळांत 20 ते 30 ग्रॅम असं वाटून घेतलेलं चांगलं.

मोजताना एक चूक हमखास होते. कच्च्याचा आकडा शिजलेल्या वजनाला लावला जातो. 100 ग्रॅम कच्चं चिकन शिजून 70-75 ग्रॅम उरतं, पण प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात. कडधान्यांचं नेमकं उलट होतं. 100 ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, तर शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये साधारण 9, कारण उरलेलं वजन पाण्याचं असतं. इथे गल्लत झाली की कागदावर 100 ग्रॅम दिसतात आणि पोटात जातात 60. शेंगदाण्यांचंही भान ठेव. 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनं खरी, पण त्यासोबत जवळपास 570 कॅलरी येतात. वजन वाढत नसेल तर ते उपयोगीच, पण प्रथिनांचा मुख्य भार त्यांच्यावर टाकू नकोस.

अंड्यातला पिवळा बलक काढून टाकतोस, तेही थांबव. 2017 च्या एका छोट्या प्रयोगात व्यायामानंतर एका वेळी अख्खी अंडी दिली, एका वेळी नुसता पांढरा भाग, आणि दोन्ही वेळा प्रथिनं सारखीच, 18 ग्रॅम. स्नायूंमधली प्रथिननिर्मिती अख्ख्या अंड्यांनी जास्त वाढली. प्रयोग दहा तरुणांवरचा होता, त्यामुळे त्यावर इमारत उभारू नये. पण बलक फेकण्याचं कारणही त्यातून सापडत नाही.

मांसाहार नसेल तर लक्ष्य थोडं वर, दर किलोमागे 1.8 ग्रॅमच्या आसपास ठेव. वनस्पतींतली प्रथिनं तुलनेनं कमी पचतात आणि स्नायूंच्या बांधणीला चालना देणारं ल्युसीन त्यांत कमी असतं. म्हणून दिवसभरात कडधान्य आणि धान्य दोन्ही असू दे. शक्य असेल तर सोयाबीन किंवा टोफूही घे. दूध-अंडीही खात नसशील तर मात्र बी-12 ची गोळी गरजेचीच आहे, तिला पर्याय शोधत बसू नकोस.

सात दिवसांच्या नोंदीत भूक किंवा वेळ नसल्यामुळे रोज 20-25 ग्रॅमची तूट दिसत असेल, तरच व्हेचा विचार कर. चीज करताना दुधातून जे पाणी सुटतं, त्यातली प्रथिनं वेगळी करून वाळवली की व्हे होतं. म्हणजे हेही दुधातलंच अन्न. त्याच्या कॉन्सन्ट्रेट या प्रकारात प्रथिनं साधारण 80 टक्क्यांपर्यंत असतात आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, शिल्लक असते. दुधानं पोट फुगत असेल तर 90 टक्क्यांच्या आसपासचं आयसोलेट, म्हणजे जास्त गाळलेलं व्हे, बरं. लेबलवर दिलेल्या प्रथिनांना स्कूपच्या, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्याच्या, वजनानं भाग. 30 ग्रॅमला 24 असतील तर ठीक, 18 असतील तर डब्यात बराच भरणा आहे. घटकांच्या यादीत ग्लायसीन किंवा टॉरीन वेगळं घातलेलं दिसलं तर तो डबा खाली ठेव. प्रथिनं मोजण्याची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते आणि ही स्वस्त अमिनो आम्लं तो आकडा फुगवतात. त्रयस्थ प्रयोगशाळेची तपासणी, उदाहरणार्थ ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’चं चिन्ह, असलेलाच डबा घे.

मास गेनर म्हणजे बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्चपासून केलेली कर्बोदकांची पावडर. 300 मिली दूध, 50 ग्रॅम ओट्स, एक केळं आणि 20 ग्रॅम पीनट बटर मिक्सरमधून काढलंस की सुमारे 600 कॅलरी आणि 22 ग्रॅम प्रथिनं मिळतात, वर तंतुमय पदार्थ आणि खनिजंही. बीसीएए आणि ग्लुटामीन यादीतून काढून टाक. प्रथिनं पुरेशी खाणाऱ्याला त्यांतून वेगळं काही मिळत नाही. प्री-वर्कआउटमधला खरा काम करणारा भाग बहुधा कॅफीनच, आणि ते संध्याकाळी घेतलंस तर झोप बिघडते. झोप गेली तर व्यायामानं मिळवलेलंही हातचं जाईल.

तुझ्या यादीतलं क्रिएटिन मात्र मी खोडणार नाही. किलोभर कच्च्या मांसात किंवा मासळीत ते जेमतेम 4-5 ग्रॅम असतं, त्यामुळे पुरेसं क्रिएटिन जेवणातून मिळवणं अवघड. पहिले तीन महिने नियमित व्यायाम होऊ दे, मग साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम, कुठल्याही वेळी. तीन-चार आठवड्यांत स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरतो. लोडिंग केलं, म्हणजे सुरुवातीला रोज 20 ग्रॅम घेतलं, तर तो आठवड्यात भरतो, पण अनेकांचं पोट बिघडतं, म्हणून घाई नको. सुरुवातीला वजन किलो-दीड किलोनं वाढू शकतं. ते पाणी असतं, त्याला स्नायू समजू नकोस. रक्ततपासणीत क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम जोखायला मोजतात तो घटक) थोडं वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा तू क्रिएटिन घेतोस हे डॉक्टरांना आधीच सांग. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा वय 18 च्या आत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन कर आणि आठवड्याची सरासरी काढ. 60 किलोला आठवड्याला 150 ते 300 ग्रॅमची वाढ पुरे. दोन आठवडे सरासरी हलली नाही तर रोजच्या खाण्यात 200-250 कॅलरी वाढव, भात, बटाटा किंवा ओट्समधून. प्रथिनं आहेत तेवढीच राहू देत. सरासरी वाढतेय पण स्क्वॉट आणि बेंच प्रेस या व्यायामांत उचलायच्या वजनाचे आकडे महिनाभर जागचे हलत नसतील, तर खाण्याला हात लावू नकोस. तुझे सेट आणि झोपेचे तास मला लिहून पाठव.