लंडन ते न्यूयॉर्क विमानाने किती वेळ लागतो आणि अंतर किती?

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे हवाई अंतर साधारण ५,५४० किलोमीटर आहे. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण पावणेआठ ते सव्वाआठ तास धरा, येताना साडेसहा ते सात.

अंतर तेच असूनही वेळेत तासाभराचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. अटलांटिकवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह वाहतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. हिवाळ्यात तर विचारूच नका! फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एका बोईंग ७४७ ने न्यूयॉर्क-लंडन अंतर पाच तासांच्या आत कापलं होतं.

नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखू नका, पृथ्वी गोल आहे. विमान उत्तरेकडे वळसा घेतल्यासारखं आयर्लंडवरून न्यूफाउंडलंडकडे जातं, पण खरा जवळचा मार्ग तोच.

आता घड्याळाची गंमत. न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे. सकाळी ११ ला निघालात आणि आठ तास उडालात, तरी तिथे दुपारचे २ च वाजलेले असतील! परतीचं विमान बहुधा रात्रीचं असतं; ९ ला निघून सात तासांनी उतरलात की लंडनमध्ये सकाळचे ९. झोप मात्र अर्धवट. मार्चमध्ये काही आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर हा फरक चारच तासांचा असतो, तेव्हा पुढची गाडी पकडायची असेल तर तारीख बघून हिशेब करा.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात आणि त्यात धावपट्टीवर रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो.