घरच्या इंकजेट प्रिंटरवर सर्किट बोर्ड बनवता येतो का?

येतो, पण छापलेला कागद तांब्यावर ठेवून इस्त्री फिरवायची पद्धत इथे चालत नाही. ती लेझर प्रिंटरची. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती वितळून तांब्याला चिकटते. इंकजेटची शाई बहुधा पाण्यातली, नको असलेलं तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडपुढे तिचा टिकाव लागत नाही.

म्हणून फोटो पद्धत वापरा. ट्रान्सपरन्सी (छापायची पारदर्शक शीट) खास इंकजेटचीच घ्या आणि खरखरीत बाजूवर छापा. गुळगुळीत बाजूवर शाईचे थेंब गोळा होतात. तांब्यावर ड्राय फिल्म, म्हणजे उजेडाने पक्की होणारी पातळ फिल्म, चिकटवलेली असते. तिच्यावर उजेड पडतो तिथे ती पक्की होते, त्यामुळे ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा) पारदर्शक आणि बाकी सगळं काळं हवं. शाईची बाजू फिल्मला टेकली पाहिजे, नाहीतर बारीक ट्रॅकच्या कडा पसरतात. त्यासाठी बोर्डच्या वरच्या बाजूचा थर आरशातल्यासारखा उलटा छापा. खालचा थर सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तसाच ठेवा. छापून झालं की शीट खिडकीशी धरून बघा. काळ्यातून उजेड झिरपतोय? मग दोन प्रती तंतोतंत जुळवून एकावर एक चिकटवा. हे अजिबात टाळू नका, बोर्ड बहुतेक इथेच बिघडतो.

पुढे काचेखाली दाबून यूव्ही दिवा. वेळ दिव्यागणिक बदलतो, आधी छोट्या तुकड्यावर चाचणी घ्या. फिल्मवरचं पातळ प्लॅस्टिक सोलून लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम धुण्याच्या सोड्याने (खाण्याचा नव्हे) डेव्हलप करा, म्हणजे पक्की न झालेली फिल्म धुऊन काढा, मग फेरिक क्लोराइड. हातमोजे आणि चष्मा हवाच. वापरलेल्या द्रावात तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतू नका.