दोन्ही रिपोर्ट नॉर्मल

प्रिय मुली,

तुझ्या रुग्णाचे रक्तातले इस्ट्राडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन संप्रेरक) नॉर्मल आणि दाह दाखवणारी सीआरपी चाचणीही नॉर्मल आहे, मग एंडोमेट्रिओसिसला संप्रेरकांचा आजार म्हणावे की दाहाचा, असे तू विचारतेस. तू हा प्रश्न रक्ताला विचारते आहेस. तो ओटीपोटात, गर्भाशयाबाहेर रुजलेल्या अस्तरासारख्या ऊतींच्या त्या चट्ट्याला विचारायला हवा.

दाहामुळे चट्ट्यात प्रोस्टाग्लँडिन ई२ हे वेदना आणि दाह वाढवणारे रसायन वाढते, त्याच्या चिथावणीने अ‍ॅरोमॅटेज हे विकर कामाला लागते आणि चट्टा स्वतःच इस्ट्रोजेन बनवू लागतो. ते इस्ट्रोजेन कॉक्स-२ या प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराला चेतवते आणि प्रोस्टाग्लँडिन पुन्हा वाढते. गर्भाशयाच्या निरोगी अस्तरात प्रोजेस्टेरॉन इस्ट्राडिऑलचे रूपांतर सौम्य इस्ट्रोनमध्ये घडवून आणते, पण चट्ट्यात प्रोजेस्टेरॉनचा संदेश घेणारे ग्राहीच कमी असल्याने तो लगामही सुटलेला असतो. हे सारे काही मिलिमीटर जागेत चालते आणि रक्ताला त्याचा पत्ताही नसतो. मग आधी दाह की आधी संप्रेरक, यावर कसला वाद घालतेस? चट्ट्याला विचार.

माझ्याकडे एक शिक्षिका यायची. पाळीच्या दिवसांत शौचालाही कळ येते, असे ती खाली मान घालून सांगायची. सोनोग्राफी स्वच्छ, रक्त स्वच्छ. लग्नानंतर कमी होईल, असे सांगून मी तिला परत पाठवले. काही वर्षांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा डावा बीजकोश गर्भाशयामागे घट्ट चिकटलेला होता आणि सोडवताना त्यातून चॉकलेटच्या पाकासारखे जुने रक्त ओघळले. अ‍ॅरोमॅटेजवरचे काम १९९६ च्या आसपास नुकते छापून येत होते, आमच्या गावातली यंत्रेही यथातथाच होती, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. त्यात खोटे काही नाही. पण तिचे ऐकायला यंत्र कशाला लागत होते?

तेव्हा नुसत्या वेदनाशामकावर तुझ्या रुग्णाला घरी पाठवू नकोस. त्याने प्रोस्टाग्लँडिन तेवढे दबते. चट्ट्याला मिळणारे इस्ट्रोजेन कमी करायला डायनोजेस्टसारखे, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध लागते, आणि तेही बंद केल्यावर दुखणे परतू शकते, हे तिला आधीच सांग. मूल हवे असेल तर बेत निराळा, त्यावर समक्ष बोलू. उद्या मात्र रिपोर्टची फाईल बाजूला ठेवून तिला शौचाच्या वेळच्या कळेबद्दल विचार आणि तिच्या संमतीने गर्भाशयामागची जागा बोटांनी तपास. तिथे गाठ लागली किंवा ती कळवळली, तर मला लगेच फोन कर.

तुझी
मॅडम