बर्फात जायचंय, तयारी साताऱ्यात

प्रश्न : वय ४२, राहतो साताऱ्यात. जानेवारीत मित्रांबरोबर औलीला स्कीइंगला जायचं ठरलंय. बर्फ आजवर फक्त फ्रीजमधला बघितलाय. रोज अजिंक्यतारा चढतो, तेवढं पुरेल का?

उत्तर : चढण्याचा दम कामाला येईलच, कारण सातारा ७०० मीटरच्या आसपास आणि औली अडीच हजाराच्या वर, तिथं पहिल्या दिवशी बूट घालतानाच धाप लागते. पण खरी वाट लागते ती मांड्यांची. स्कीइंग म्हणजे तासन्‌तास गुडघे वाकवून उतरणं, म्हणून किल्ल्यावरून खाली येताना मित्राच्या गाडीवर बसू नका (बसत असालच!), सावकाश चालत उतरा आणि घरी भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीवर मिनिटभर बसा.

थांबायचं कसं हे आधी शिका, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, भाकरीच्या चतकोरासारखा आकार झाला की स्पीड कमी होतो. तोल गेलाच तर कडेला पडा. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही. गॉगल, सनस्क्रीन मात्र घ्याच, बर्फावरचं ऊन चांगलंच भाजतं. आणि कंदी पेढे न्या, ट्रेनर खूश राहतो.