ध्रुवीय मोहिमेत जिवंत राहण्यासाठी अधिक काय लागते: शरीराची ताकद की उत्तम कपडे?

आपण दिलेले दोन्ही पर्याय मी दुय्यम मानतो. तिथे तगतो तो अंगाला घाम येऊ न देणारा माणूस.

अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ या भारतीय केंद्रावर मी डिझेल मेकॅनिक म्हणून एक हिवाळा काढला. जूनमध्ये, सूर्य क्षितिजावर येईनासा झाला असताना, दोन दिवसांच्या हिमवादळाने प्रियदर्शिनी तलावावरील पंपाच्या खोलीचे दार बर्फाखाली गाडले गेले. केंद्राचे पाणी त्या तलावातूनच येत असल्याने दार मोकळे करणे भाग होते. मी बाहेरचा जाड कोट उतरवला आणि दर दहा-बारा फावड्यांनंतर थांबत बर्फ उपसू लागलो. माझ्यासोबतचे ज्येष्ठ सहकारी अंगाने दणकट होते. ते सगळे कपडे अंगावर ठेवून झपाट्याने उपसत होते, आणि सर्वांसमक्ष त्यांनी मला कामचुकार म्हटले. दार उघडल्यावर खरे काम सुरू झाले: नळीचा गोठलेला भाग शोधून, एका जागी बसून तो वितळवायचा होता. तेवढ्यात त्यांचा घामाने भिजलेला आतला सदरा गार पडला. थोड्याच वेळात त्यांना पाना धरवेना आणि जीभही अडखळू लागली. त्यांना आधार देत मीच केंद्रात आणले. तो शब्द मात्र त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतला नाही, आणि तो मला आजही सलतो.

1911 च्या हिवाळ्यात ब्रिटिश संशोधक स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी तिथल्या केप क्रोझियर या टोकाला गेले, तेव्हा त्यांच्या अंगचा घाम आणि श्वासातली वाफ गोठून झोपण्याच्या पिशव्या दिवसेंदिवस जड आणि ताठ होत गेल्या. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या नॉर्वेच्या आमुंडसेनने ओझे कुत्र्यांवर सोपवले, रोजची मजल ठरावीक ठेवली आणि उरलेला वेळ विश्रांतीला दिला. त्याच ध्रुवाकडे निघालेली स्कॉटची माणसे मात्र बराच मार्ग स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, स्वतः ओढत होती. आमुंडसेनच्या त्या सावकाशपणाला मी शहाणपण म्हणतो.

अर्थात, ध्रुवावरून परतताना झालेल्या स्कॉटच्या तुकडीच्या मृत्यूमागे अन्न आणि इंधन यांची टंचाईही होती; शिवाय माझ्या पाठीशी उबदार इमारत होती, तंबूत राहणाऱ्यांना आधी शिधा आणि इंधन पाहावे लागते. तरीही आपल्यावर कधी तुकडी सांभाळण्याची वेळ आली, तर फावड्याची पाळी दहा मिनिटांची ठेवावी, आणि जो मध्येच थांबून कोटाची चेन उघडतो त्याला चारचौघांत बोलू नये.