पोलंडची फौज फक्त पोलिश होती का?

प्रश्न : सोळाव्या-सतराव्या शतकातील पोलंडच्या सैन्यात खरोखरच अनेक वंशांचे लोक होते का?

उत्तर : होय, आणि ते स्वाभाविकच होते. पोलंड आणि लिथुआनिया यांना एका राज्यात जोडणाऱ्या 1569 च्या लुब्लिन करारानंतरचे पोलंड-लिथुआनिया हे राज्यच पोलिश, लिथुआनियन, रुथेनियन (आजच्या युक्रेनियन व बेलारुसी लोकांचे पूर्वज), जर्मन, आर्मेनियन, ज्यू आणि तातार प्रजेचे होते. पिसांचे पंख लावणाऱ्या ज्या हुसार घोडदळाला आज पोलंडची ओळख मानतात, त्याची सुरुवात 1500 च्या सुमारास आलेल्या सर्बियन भाडोत्री स्वारांपासून झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. स्तेफान बाथोरी राजाने हंगेरियन पायदळ आणले. 1621 मध्ये खोतिनच्या किल्ल्यापाशी ऑटोमन (तुर्की) फौजेला रोखण्यात सेनानी सहायदाच्नीच्या युक्रेनियन कोसॅक लढवय्यांचा वाटा मोठा होता. पुढे सैन्याचे ‘राष्ट्रीय’ आणि ‘परदेशी’ असे दोन विभाग झाले. मात्र ही नावे लढण्याची पद्धत सांगतात, जन्म नव्हे, कारण जर्मन भाषेत हुकूम चालणाऱ्या ‘परदेशी’ पलटणींत स्थानिक शेतकऱ्यांची मुलेही असत.

सर्वांत लक्षणीय आहेत ते लिपका तातार, म्हणजे लिथुआनियात स्थायिक झालेले तातार. हे मुस्लिम स्वार 1672 मध्ये, थकलेला पगार आणि आक्रसलेले हक्क यांमुळे, बंड करून ऑटोमनांना मिळाले होते. पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने 1679 मध्ये त्यांच्यापैकी परत आलेल्या अनेकांना पगाराच्या बदल्यात जमिनी दिल्या. 1683 मध्ये ऑटोमनांविरुद्धच्या व्हिएन्नाच्या लढाईत शत्रूकडील तातारांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून सोबिएस्कीच्या बाजूच्या तातारांनी गवताच्या काड्या खोवल्या होत्या, असे सांगतात. त्याने दिलेल्या क्रुशिन्यानी गावात त्यांची लाकडी मशीद आजही उभी आहे.