आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, पायाची सूज उतरत नाही. मालिशवाल्या बाईंना बोलवू का?

तुम्ही लिहिलंय की आईंचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले, टाके निघाले, पण पोटरीपासून घोट्यापर्यंत सूज आहे. शेजारच्या काकू म्हणतात, आमच्या मावशींना बोलवा, महानारायण तेलाने चार दिवसांत पाय मोकळा करतील. मी फिजिओथेरपिस्ट आहे. परळ, लालबाग, दादर भागात घरी जाऊन असेच पेशंट बघते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो.

मालिश करायला हरकत नाही. पण त्या पायाच्या पोटरीला सध्या कुणालाही चोळू देऊ नका.

गुडघा बदलल्यावर पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढे तीनेक महिने थोडाफार राहतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात त्या यासाठीच. गुठळी असलेली पोटरी जोरात रगडली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग जिवावर बेततं. पंचाईत अशी की ऑपरेशनची साधी सूज आणि गुठळीची सूज वरून सारखीच दिसते. म्हणून आजच एक करा. नडगीवर, वाटीच्या खाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथून १० सेंटीमीटर खाली टेप धरून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ऑपरेशनचा पाय थोडा जाड भरणारच. पण फरक ३ सेंटीमीटरहून जास्त असेल, पोटरी गरम किंवा लाल असेल, दाबल्यावर दुखत असेल, यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा; ते डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी तपासणी) करून घेतील. माप ठीक आलं तरी पुढच्या भेटीत सूज दाखवाच. दम लागला, छातीत दुखलं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.

गुठळी नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की सुजेसाठी खरोखर उपयोगी पडते ती लिम्फ ड्रेनेज नावाची हलक्या हाताची मालिश, साठलेलं पाणी पुढे सरकवणारी. एमिल व्होडर या डॅनिश माणसाने ती १९३०च्या दशकात बसवली. हे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची, म्हणजे लसिकावाहिन्यांची, सुरुवात कातडीच्या वरवरच्या थरातच होते, त्यामुळे तिथे जोराचं कामच नाही. पातळ लाटलेली पुरणपोळी तव्यावर टाकताना जितका हलका हात लागतो, तितकाच इथे लागतो. तेलही नको, कारण हात घसरवायचा नसतो, कातडी किंचित ताणून सोडायची असते. आधी जांघेतल्या गाठींची जागा, मग मांडी, मग गुडघ्याच्या आसपास. म्हणजे पुढची वाट मोकळी करून मागचं पाणी सोडायचं. हे शिकलेल्या फिजिओकडूनच करून घ्या. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, अंगात ताप असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. आणि खरं सांगू का, दिवसभर पाय लोंबकळत ठेवून खुर्चीत बसणं चालू असेल तर ही मालिशही वाया जाते. पाय छातीपेक्षा उंच, घोटा वरखाली, फडक्यातून १५-२० मिनिटं बर्फ, हे आधी.

आता व्रण, म्हणजे टाक्यांची खूण. याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं याचं मला फार वाईट वाटतं, कारण व्रण खालच्या थरांना चिकटला की गुडघा वाकवताना पुढून ओढ बसते आणि पेशंट व्यायामच टाळायला लागतो. जखम पूर्ण मिटली, खपली पडून गेली, कुठेही ओल नाही, असं झालं आणि सर्जननी होकार दिला की सुरू करा. आईंना डायबेटिस असेल तर आणखी थांबावं लागेल. हात स्वच्छ धुऊन थोडं खोबरेल किंवा व्हॅसलिन घ्या. दोन बोटांची पेरं व्रणावर टेकवा आणि बोटं न घसरवता खालची कातडीच हलवा: वरखाली, आडवी, मग छोटे गोल. नखाचा गुलाबी रंग पांढरट होईल इतकाच दाब. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. जिथे कातडी हलत नाही तिथे थोडं रेंगाळा. व्रण वर्षभर बदलत असतो, तेव्हा आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

राहिल्या मावशी. त्यांना परत पाठवू नका. वॉकरवर भार टाकून आईंची मान, खांदे आणि तळहात नक्कीच भरून आले असतील, त्याबद्दल कुणी विचारतही नाही. तिथे त्यांचा हात सोन्यासारखा आहे. फक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना काळेनिळे डाग लगेच पडतात, म्हणून हात हलका ठेवायला सांगा. हे मनाचं समाधान म्हणून सांगत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटना २० मिनिटं मालिश देऊन पाहिली. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात वेदना आणि काळजी दोन्ही कमी झालेल्या दिसल्या. रात्रीच्या जेवणाआधी खांद्यांना मालिश झाली की माझे बरेच पेशंट झोपही बरी लागल्याचं सांगतात.

महानारायण तेल खांद्याला लावा, व्रणाला आणि त्याच्या आसपास आत्ता नको.

घरी फिजिओ बोलावणं परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत, आणि हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. व्रणाची मालिश तिथे एकदा तुमच्या समोर करून दाखवायला सांगा, मग घरी तुम्हीच करा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा.